हौद बांधायचाय? आधी बुचाचं बघा

काल सकाळी हौद धुतला. बूच ओढलं, दोन मिनिटात पाणी गेलं, ब्रशने एक हात मारला, परत पाणी सोडलं आणि धारा आटपून गाई बाहेर यायच्या आत हौद भरलेला. आधीचा हौद होता तेव्हा याच कामाला अर्धा दिवस जायचा, म्हणून मी ते काम आज करू उद्या करू म्हणत पुढे ढकलायचो, आणि गाई बिचाऱ्या तसलंच पाणी पीत राहायच्या. त्या सगळ्या अनुभवातून जे कळलं ते एकदा नीट लिहून ठेवतोय, कुणी नवीन हौद बांधत असेल तर कामी येईल.

पहिला हौद मी मोठा बांधला होता, १० फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट खोल. म्हणजे दोन हजार लिटरच्या वर पाणी. डोक्यात एकच होतं, जनावरांना पाणी कमी पडायला नको. आणि खाली पाणी काढायला एक इंची पाईपचा तुकडा, तो पण तळापासून दोन इंच वर बसवलेला. बांधताना मी तिथे उभा होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग काय व्हायचं, की बूच काढल्यावर हौद रिकामा व्हायला तासाच्या वर लागायचा, आणि शेवटचे दोन इंच पाणी, म्हणजे नेमका सगळा गाळ, कुजलेला चारा, लाळ, पेंडीचा चिखल, तो तसाच खाली राहायचा आणि घमेल्याने उपसावा लागायचा.

एके दिवशी आमची एक गाय हौदाशी आली, नाक पाण्याजवळ नेलं, फुर्र केलं, मान वर घेतली आणि उभी राहिली. परत वाकली, परत वास घेतला, दोन घोट पाणी घेतलं आणि गेली. उन्हाचे दिवस, नुकतीच धार काढलेली गाय, आणि दोन घोट! मी बाही वर सरकवून तळाला हात घातला तर हाताला जे लागलं ते काळं, बुळबुळीत, आणि वास असा की साबणाने दोनदा धुवूनही बोटांना राहिला. वरून पाणी दिसायला स्वच्छ होतं बरं का. गाईचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतं, तिला तळातला वास वर येत असणारच.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की हौदाचं डिझाईन पाणी कसं भरणार इथून सुरू करायचंच नाही, पाणी कसं काढणार इथून सुरू करायचं. जो हौद रिकामा करायला सोपा नाही तो धुतला जात नाही, कितीही मन लावून काम करणारा माणूस असला तरी. आणि न धुतलेल्या हौदातलं पाणी जनावर पितं, पण लागेल तेवढं पीत नाही. दुधात ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे पाणी कमी गेलं की आधी खाणं कमी होतं आणि मागोमाग दूध. आपण मग पेंड बदलतो, मिनरल मिक्श्चर बदलतो, आणि हौदाकडे कुणी बघत नाही.

आता जरा हिशोब. एक इंची भोक आणि तीन इंची भोक यात फरक तिप्पट नाही, नऊपट आहे, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणून तीन इंची पाईप, आणि तो तळाच्या सगळ्यात खालच्या जागी, तळाशी अगदी लेव्हल, वर अजिबात नाही. तळाला त्या बाजूला उतार द्यायचा, ८ फुटाच्या हौदाला इंच-दीड इंच उतार पुरतो. आतले सगळे कोपरे गोल घोटून घ्यायचे, काटकोनी कोपऱ्यात ब्रश जात नाही आणि शेवाळ तिथूनच सुरू होतं. आतून सिमेंटचा फिनिश इतका गुळगुळीत हवा की हात फिरवला तर कुठे अडकू नये, खरबरीत गिलाव्यात घाण धरून बसते.

दुसरी गोष्ट साइझची. माझ्याकडे १२ मोठ्या गाई. सगळ्या मिळून दिवसाला धरा ८०० लिटर पितात, उन्हाळ्यात जास्त. आता दोन हजार लिटरच्या हौदात हे पाणी पूर्ण बदलायला अडीच दिवस लागणार, आणि ते पण वरवरचं, तळातलं तर हलतच नाही. म्हणजे मी मोठा हौद बांधून पाणी साठवत नव्हतो, शिळं करत होतो. नवा हौद ८ फूट लांब, दीड फूट रुंद आणि पाणी फक्त १० इंच खोल, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे लिटर. यातलं पाणी दिवसातून जवळजवळ तीनदा आपोआप बदलतं. लाईट गेली, पंप बंद पडला तर काय, असं सगळे विचारतात. बरोबर आहे, साठा हवाच, पण तो वरच्या झाकणाच्या टाकीत ठेवायचा, उघड्या हौदात नाही. झाकणाच्या टाकीत पाण्यावर थेट ऊन लागत नाही, शेण पडत नाही.

पण छोटा हौद चालायचा असेल तर पाण्याची धार जोरात हवी, इथे बरेच जण चुकतात. गाय पाणी कशी पिते ते एकदा निवांत उभं राहून बघा. ती जिभेने चाटत नाही, तोंडाचं टोक इंच-दीड इंच पाण्यात बुडवते, नाकपुड्या पाण्याच्या वर, ओठ जवळजवळ मिटलेले, आणि मग नुसती ओढत राहते. गळ्याखालून एकामागे एक लाटा जाताना दिसतात. मिनिटाला १० ते २० लिटर ओढते ती! आणि धार काढून झाल्या झाल्या तहान सगळ्यात जास्त असते, दिवसभराच्या पाण्यातला मोठा हिस्सा ती त्या पहिल्या तासाभरात पिते. म्हणजे तीन-चार गाई एकदम तोंड घालणार आणि मिनिटाला चाळीस-पन्नास लिटर ओढणार, पाच-सहा मिनिटात हौद तळाला. मागे उभी असलेली गरीब गाय तेव्हा कुठे पुढे येते आणि तिला मिळतो तळातला गाळ.

आपल्या लाईनला धार किती आहे हे मोजायला काही लागत नाही, १० लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ. माझी बादली भरायला तेव्हा ७५ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ८ लिटर, एका गाईला सुद्धा अपुरं. टाकी तर उंचावर होती, मग घोळ कुठे? पाईपमध्ये. टाकीपासून अर्धा इंची लाईन आणलेली, लांबलचक, आणि त्यात पाच-सहा एल्बो, म्हणजे वळणाचे जोड. पाईपचा व्यास अर्धा केला की पाणी अर्धं येत नाही, लांबच्या लाईनमध्ये घर्षणामुळे ते पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं. एक इंची लाईन टाकली, जमिनीत पुरली (उघड्यावरच्या काळ्या पाईपमधलं दुपारचं पाणी हाताला चटका बसेल एवढं तापतं आणि गाय ते पीत नाही), तर धार इतकी वाढली की आता व्हॉल्व्हच धार अडवत होता. हो, व्हॉल्व्ह पण बघून घ्यावा लागतो. फ्लोट व्हॉल्व्ह म्हणजे तरंगत्या चेंडूने पाणी आपोआप चालू-बंद करणारा, त्यात जास्त प्रेशरसाठी बारीक भोकाचे असतात आणि कमी प्रेशरसाठी मोठ्या भोकाचे, बाहेरून दिसायला बऱ्यापैकी सारखेच. टाकीवरून येणाऱ्या कमी प्रेशरच्या लाईनवर बारीक भोकाचा बसवला की पाणी ठिबकल्यासारखं येतं.

फ्लोटचा आणखी एक त्रास म्हणजे जनावरं त्याच्याशी खेळतात. चाटतात, ढुशी मारतात, एखादीला तर तो नादच लागतो. म्हणून हौदाच्या एका टोकाला फ्लोटसाठी फूटभराचा कप्पा काढायचा, मधल्या भिंतीला खाली भोक ठेवायचं, आणि कप्प्यावर झाकण टाकायचं, जे आपल्याला एका हाताने उचलता येईल पण गाईला नाही. व्हॉल्व्हच्या आधी एक जाळी आणि एक बंद करायचा कॉक, प्रत्येक हौदाला वेगळा. नाहीतर एक वायसर बदलायला सगळ्या गोठ्याचं पाणी बंद ठेवावं लागतं.

उंचीचं सांगायचं तर मोठ्या गाई-म्हशीला काठ जमिनीपासून दोन ते अडीच फूट, आणि पाणी काठाच्या दोन-चार इंच खाली. फार खाली ठेवलं तर मान काठावर घासते, तुडुंब ठेवलं तर सांडतं. कडेने पाच-सहा इंच उंच आणि सव्वा फूट रुंद पायरी बांधून घेतली, हा सल्ला मला एका जुन्या दूधवाल्या शेतकऱ्याने दिला आणि तो सोन्यासारखा निघाला. जनावर पायरीवर पुढचे पाय ठेवून आरामात पितं, पण मागे सरकत हौदाला पाठ लावून उभं राहत नाही, त्यामुळे हौदात शेण पडणं जवळजवळ बंद झालं.

हौदाच्या भोवती कोबा हवाच, दहा फुटापर्यंत तरी, आणि तो हौदापासून बाहेर उतरता. जिथे गुरं पाणी पितात तिथे सांडणार, मुतणार, शेण टाकणार, आणि नुसत्या मातीत आठ दिवसात गुडघाभर चिखल होतो. त्या चिखलात खुरं सडतात, आणि तोच चिखल सडाला लागून कासेचे आजार येतात. बुचाचं तीन इंची पाणी जाणार कुठे हेही आधीच ठरवा. माझं पाईपने चाऱ्याच्या तुकड्यात जातं, हौद धुतला की तिथे आपोआप पाणी. कोबा मात्र गुळगुळीत करू नका, ओला झाला की गाय घसरते, आणि एकदा घसरलेली गाय त्या जागेला कायमची घाबरते.

जागा निवडताना कोपरा टाळा. गाईंमध्ये मोठ्या-धाकट्याचा मान असतो, एक-दोन दांडग्या असतात ज्या हौदासमोर आडव्या उभ्या राहतात, पाणी पिऊन झालं तरी हलत नाहीत, आणि गरीब गाय लांबून बघत बसते. कोपऱ्यात किंवा बोळात हौद असला की तिला पळायला वाट नसते, म्हणून ती येतच नाही. पाणी पिणाऱ्या गाईच्या मागून दुसरी गाय सहज जाईल एवढी, हौदासमोर १२ फूट तरी मोकळी जागा पाहिजे. आणि एक मोठा हौद करण्यापेक्षा दोन छोटे, एकमेकांपासून लांब, हे कधीही चांगलं. एक अडवला तर दुसरा आहे, एक धुवायला काढला तरी पाणी चालू.

आता एक प्रकार सांगतो जो मला दोन आठवडे कळला नव्हता. नवा हौद, स्वच्छ पाणी, धार जोरात, आणि तरी गाई धड पीत नव्हत्या. त्यातली एक तर मांजरासारखी जीभ लावून लप लप करायची, मग मान झटकायची आणि मागे सरायची. मी पाणी चाखलं, ठीक. हात घातला, काही नाही. मग लक्षात आलं की मोटर चालू असताना त्या असं करतात, मोटर बंद असली की नीट पितात. वायरमनला बोलावलं, तर मोटरच्या केबलचं एका जागी कव्हर गेलेलं आणि अर्थिंगची वायर सुटलेली, लोखंडी पाईपमधून अगदी थोडा करंट पाण्यात येत होता. माझ्या पायात रबरी बूट म्हणून मला काहीच कळलं नाही, गाय मात्र चार उघड्या खुरांवर ओल्या कोब्यात उभी, आणि ओलं तोंड पाण्यात. आपल्याला जाणवणार नाही एवढ्या व्होल्टेजला सुद्धा ती दचकते. तेव्हा गाई चाटून पाणी पिताना दिसल्या तर आधी लाईट बंद करा आणि वायरमनकडून मीटरने तपासून घ्या. मी केलं तसं हात घालून बघू नका, करंट जास्त असता तर आज हे लिहायला मी नसतो.

बांधून ठेवलेल्या जनावरांना हौद जमत नाही, तिथे पाईपला जोडलेली पाण्याची वाटी. नाकाने दाबायची पट्टी असलेली वाटी मला आवडते, कारण पाणी साठून राहत नाही, जेवढं हवं तेवढं ताजं येतं. पण वाटीला पण मिनिटाला १० लिटरच्या आसपास धार हवी, नाहीतर गाय दाबून दाबून कंटाळते. कालवडींना सुरवातीला पट्टी दाबायचं कळत नाही, तेव्हा एक-दोन दिवस पट्टीत काडी अडकवून पाणी थोडं झिरपत ठेवायचं, आवाजाने त्या येतात आणि शिकतात. दोन गाईंत एक वाटी ठेवतात, पण त्यातली एक दांडगी असेल तर दुसरी उपाशी, म्हणजे तहानलेली. गव्हाणीच्या अगदी वर वाटी नको, तोंडातला चारा सगळा पाण्यात पडतो. आणि रोज सकाळी जाता जाता प्रत्येक वाटीची पट्टी एकदा हाताने दाबायची, सवयच लावून घ्या. बंद पडलेल्या वाटीसमोरची गाय ओरडेलच असं नाही, ती फक्त खाणं कमी करते, आणि आपल्याला कळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात.

वासरांबद्दल मला फार वाटतं म्हणून थोडं जास्त लिहितो. दूध पितंय ना, मग पाणी कशाला, असं सर्रास म्हणतात. पण वासराने प्यायलेलं दूध पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातच नाही, अन्ननलिकेच्या शेवटी एक घळ असते ती मिटते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. पाणी मात्र पहिल्या कप्प्यात जातं, आणि वासराने चघळलेला दाणा तिथे आंबायला, ते पोट वाढायला तेच पाणी लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून बादलीत स्वच्छ पाणी, दोन वेळा बदललेलं, आणि दाण्याच्या बादलीपासून जरा लांब, मध्ये आडोसा करून, कारण वासरू खाता खाता तेच तोंड पाण्यात घालतं आणि दोन्ही बादल्यांची खिचडी करतं. पुढे मोठी झाली की त्यांचा हौद वेगळा, काठ दीड फुटाच्या आसपास.

शेळ्या म्हणजे वेगळंच प्रकरण. शेळीला पाणी लागतं कमी पण नखरे जास्त, एक लेंडी पडलेली दिसली तरी तोंड फिरवेल. आणि हौद दिसला की त्यात पाय घालणार, वर चढणार. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पाणी कुंपणाच्या बाहेर ठेवायचं आणि कुंपणाला मान जाईल एवढी उभी फट ठेवायची. डोकं बाहेर, बाकी सगळी शेळी आत, पाण्यात काही पडायचा प्रश्नच नाही. मेंढ्या असतील तर एक लक्षात ठेवा, शेवाळ मारायला मोरचूद टाकायची सवय काही जणांना असते, त्यात तांबं असतं आणि मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, जीव जातो. शेवाळाला खरा उपाय सावली, ब्रश आणि ते तीन इंची बूच. हिरवट-निळसर साय धरलेलं पाणी दिसलं तर ते तसंच कुणाला पाजू नका, त्यातले काही प्रकार विषारी असतात.

कोंबड्यांचं थोडक्यात, भांड्याचा काठ त्यांच्या पाठीच्या उंचीला, आणि पिल्लं वाढतील तसं भांडं वर घेत जायचं. अगदी लहान पिल्लांच्या वाटीत गोटे टाका, नाहीतर बुडून मरतात.

प्लॅस्टिकचा ड्रम उभा कापून हौद करतात, तो चालतो, पण ड्रममध्ये आधी काय होतं हे पक्कं माहीत असल्याशिवाय घेऊ नका. औषधाचा, केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी नकोच. कापलेल्या धारेवर जाड पाईप चिरून चढवा, आणि खाली पक्की बैठक करा, नाहीतर पहिली ढुशी आणि ड्रम उलटा. ट्रॅक्टरचा जुना मोठा टायर मला याहून बरा वाटतो, फुटत नाही, जनावराला लागत नाही, फक्त मधल्या भोकात काँक्रीट भरताना बुचाचा पाईप आधी बसवायला विसरू नका.

सिमेंटचा नवा हौद झाला की लगेच वापरू नका. आठवडाभर नीट पाणी मारा, मग दोन-तीन वेळा पूर्ण भरून एक-एक दिवस ठेवून सोडून द्या, पहिलं पाणी सिमेंटमुळे खारट-तुरट लागतं आणि गाई एकदा रुसल्या की परत यायला वेळ घेतात. आत एका बाजूला एक खरबरीत दगड तिरका टेकवून ठेवलाय मी, पाण्याच्या वर येईल असा. खारी, पाखरं, सरडे पडतात, त्यांना चढून बाहेर यायला. तो ठेवल्यापासून एकही मेलेलं पाखरू काढलेलं नाही.

आणि बुचाला साखळी लावा, साखळीचं दुसरं टोक हौदाच्या भिंतीत गाडलेल्या कडीला. माझं पहिलं बूच पाण्याच्या लोटाबरोबर चाऱ्यात वाहून गेलं ते अजून सापडलेलं नाही, त्या दिवशी दुपारपर्यंत भोकात पोतं कोंबून ठेवलं होतं आणि गाई थेंबाथेंबाने गळणाऱ्या त्या हौदासमोर ओळीने उभ्या होत्या.